वरवंट्याची वाटणी

ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या सुलोचनाबाईंच्या हातच्या रश्श्याची तारीफ करणारी माणसं दोन प्रकारची होती. एक, सन सव्वीसच्या आधी त्यांच्याकडे जेवलेली. आणि दुसरी, भिडेखातर खोटं बोलणारी. सव्वीस सालानंतर त्यांच्या रश्श्यात, आमटीत, चटणीत, जिथे म्हणून वाटण पडेल तिथे दाताखाली कचकच लागायची. मसाला तोच, हात तोच, चूलही तीच. ती कचकच कुठून आली आणि कशी गेली, एवढीच ही हकीकत आहे.

सुलोचनाबाईंचं माहेर देवासचं. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या ग्वाल्हेरला आल्या, तेव्हा एकोणीसशे नऊ साल होतं. सासरचं घराणं शिलेदारांचं. पूर्वज फौजेबरोबर देशावरून आले आणि इथेच राहिले. पुढे पिढ्या बदलल्या तसे घोडे कमी झाले. थोरले दीर महिपतराव फौजेत हवालदार होते, आणि सुलोचनाबाईंचे यजमान मल्हारराव दरबारच्या पागेत खोगिरांच्या कोठीवर. घोड्यावर बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, पण खोगिराचा पट्टा कुठे उसवला आहे ते ते अंधारातसुद्धा बोटाने सांगत, आणि याचा त्यांना पूर्वजांच्या तलवारीइतकाच अभिमान होता.

घरात देशावरून आलेल्या दोनच वस्तू उरल्या होत्या. एक ती तलवार, जी दसऱ्याला निघायची आणि पुन्हा गवसणीत जायची. दुसरा पाटा-वरवंटा, जो रोज सकाळ-संध्याकाळ लागायचा. काळ्या कुळकुळीत दगडाचा. सासूबाई सांगत की त्यांच्या आजेसासूबाईंनी तो बैलावर लादून आणला. वाटेत चंबळेला उतार मिळेना तेव्हा सामान हलकं करा म्हणून हुकूम झाला, तर त्या माउलीने नवऱ्याचा तंबू टाकला पण पाटा टाकू दिला नाही. खरं-खोटं तो बैल जाणे. पण ग्वाल्हेरला तसा दगड मिळत नाही हे मात्र खरं. इथला दगड लालसर, रेताड. त्याची घरं उत्तम होतात. मसाला वाटला की मात्र मसाल्याबरोबर थोडं ग्वाल्हेरही पोटात जातं.

सासूबाईंनी सुलोचनाबाईंना स्वयंपाकघरातलं सगळं शिकवलं, पण पाट्यापाशी बसवलं ते सगळ्यात शेवटी, दोन वर्षांनी. आधी विळी, मग जातं, मग काथवटीत बाजरीचं पीठ मळून भाकरी थापणं. भाकरी गोल झाली, फुगली, पापुद्रा सुटला, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "आता पाट्यावर बस." वाटायचा क्रम ठरलेला. आधी भाजलेलं सुकं खोबरं, मग खसखस, मग भाजका कांदा, लसूण, आणि मिरच्या शेवटी, नाहीतर हात भगभगतात. पाणी चार-चार थेंब. सासूबाई चुलीपाशी पाठ करून बसत आणि वळूनही न पाहता सांगत, अजून झालं नाही. त्यांना कसं कळतं याचं सुलोचनाबाईंना नवल वाटे. मग एक दिवस त्यांनीच सांगितलं, "डोळ्यांनी काय बघायचंय? दगडाचा आवाज बंद झाला की वाटण झालं."

सहा महिन्यांत सुलोचनाबाईंचं वाटण गंधासारखं होऊ लागलं. थोरली जाऊ लीलाताई चुलीपाशी तरबेज होत्या, फोडणी त्यांची, भाकरी त्यांची. पण पाट्यावर त्यांचा जीव रमत नसे. तेव्हा आपोआपच कामं वाटली गेली. एक वाटायची, दुसरी शिजवायची. मल्हारराव आणि महिपतराव शेजारी शेजारी जेवायला बसत आणि रविवारच्या मटणाला बोटं चाटत.

चौदा साली लीलाताईंना कान्होजी झाला. बाळंतपणात त्या इतक्या आजारी पडल्या की चार महिने अंथरुणावरून उठल्या नाहीत. सबब कान्होजी सुलोचनाबाईंच्या मांडीवर वाढला. त्या तेव्हा अठरा वर्षांच्या. न्हाऊ-माखू घालणं, दृष्ट काढणं, खुलभर दूध वाटीने पाजणं, सगळं त्यांनी केलं. त्याच्या बारशाची कुंचीही त्यांनीच शिवली, हिरव्या खणाची, लाल काठाची.

बारशाची रीत आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पाळण्यात आधी बाळ जात नाही, वरवंटा जातो. त्याला न्हाऊ घालायचं, कुंची चढवायची, गळ्यात काळी पोत घालायची, आणि पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून दोघींनी त्याला वरून-खालून एकमेकींकडे द्यायचं. जी काही नजर लागायची ती त्या दगडाला लागावी, हा हेतू. शिवाय या घरात आणखी एक नेम होता. वरवंटा घरचा हवा, घराला जेवू घातलेला हवा. कोऱ्या दगडाला कुंची घालायची नाही. कान्होजीच्या बारशाला लीलाताईंना बसवत नव्हतं, तरी त्यांना भिंतीला टेकवून उभं केलं होतं. समोर सुलोचनाबाई होत्या. त्यांनी वरवंटा दिला आणि घेतला. पुढे लीलाताईंना दोन मुलीही झाल्या. सुलोचनाबाईंना काही झालं नाही. नवस झाले, उपास झाले, मुरारच्या वैद्याचं औषध झालं. मग तेही थांबलं.

पंचवीस साली सासूबाई गेल्या आणि वर्षाच्या आत चुली वेगळ्या करायचं ठरलं. कारण विचारू नये. घरोघरी मातीच्या चुली, आणि भांड्याला भांडं लागायला मोठं कारण लागत नाही. वाटण्या करायला चुलत सासरे दौलतसिंह आले. ते रिसाल्यातून पेन्शनीत निघालेले, पिळदार मिशांचे, आणि न्यायाच्या बाबतीत अत्यंत कडक. त्यांनी फर्मावलं की घरातली यच्चयावत भांडीकुंडी अंगणात ओळीने मांडा. बायकांनी मांडली. सकाळच्या उन्हात तांब्या-पितळेची ती फलटण उभी राहिल्यावर दौलतसिंहकाका काठी घेऊन एका टोकाला उभे राहिले आणि त्यांनी रिसाल्यात जवान मोजावेत तसं सुरू केलं. "एक इकडे, एक तिकडे. एक इकडे, एक तिकडे." भांड्याकडे ते बघतसुद्धा नव्हते. बघितलं तर पक्षपात होतो, असं त्यांचं म्हणणं.

न्याय इतका काटेकोर झाला की पोळपाट लीलाताईंकडे गेला आणि लाटणं सुलोचनाबाईंकडे. खल इकडे, बत्ता तिकडे. तवा एकीला, उलथणं दुसरीला. पातेली एका बाजूला आणि त्यांची झाकणं दुसऱ्या बाजूला अशी तर पाच निघाली. काकांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, आता कोणी म्हणायचं नाही की दौलतसिंहाने डावं-उजवं केलं. कोणी म्हटलंही नाही. त्यांच्या तोंडावर बोलण्याची या घरात कोणाची टाप नव्हती.

ते ओसरीवर सरबत प्यायला गेल्यावर बायकांनी आपसात दुरुस्त्या केल्या. लाटणं देऊन बत्ता घेतला, उलथण्याच्या बदल्यात रवी आली, झाकणं आपापल्या पातेल्यांवर बसली. दुपारपर्यंत सगळं मार्गी लागलं. राहिला पाटा-वरवंटा. पाटा लीलाताईंच्या ओळीत गेला होता, वरवंटा सुलोचनाबाईंच्या.

सुलोचनाबाईंनी मनाशी ठरवलं होतं. थोरली ती थोरली. वरवंटा दोन्ही हातांत उचलून त्या लीलाताईंपाशी गेल्या आणि म्हणाल्या, "ताई, हा तुम्हीच घ्या. जोडी मोडायला नको."

लीलाताई सकाळपासून उन्हात उभ्या होत्या. त्यांच्या माहेरून आलेलं तांब्याचं घंगाळही काकांनी 'तिकडे' करून टाकलं होतं, आणि मल्हारराव ते उचलून आत घेऊन गेले होते. राग एकाचा, निघाला भलतीवर. कुंकू सारखं करत त्या म्हणाल्या, "राहू दे गं तुझ्याकडेच. मांडीवर घ्यायला तुला तेवढंच तर आहे."

अंगणात शेजारच्या दोन बायका होत्या. त्यांनी माना खाली घातल्या. लीलाताईंचा चेहराही क्षणभर उतरला, पण सांडलेलं तेल आणि बोललेला शब्द भरून घेता येत नाही. सुलोचनाबाई वळल्या, वरवंटा घेऊन आपल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. त्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट ठरवली. लीलाताई हा शब्द मागे घेईपर्यंत वरवंटा या उंबऱ्याबाहेर जाणार नाही.

आठ दिवसांत घराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. जुनं स्वयंपाकघर दुभंगलं आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना दोन चुली झाल्या. मल्हारराव लष्कर भागातल्या बाजारात जाऊन पाटा मागू लागले. दुकानदार म्हणाला, "साहब, पूरी जोड़ी ले जाओ. अकेली सिल कौन लेता है?" मल्हाररावांनी मान हलवली आणि नुसता पाटा हमालाच्या डोक्यावर दिला. दुपारी महिपतराव त्याच दुकानात गेले आणि त्यांनी नुसता बट्टा, म्हणजे इकडचा वरवंटा, घेतला. म्हणजे दुकानदाराने एकच जोडी एकाच घराला दोन खेपांत विकली, आणि पुढे कित्येक वर्षं तो गिऱ्हाइकांना हा किस्सा सांगत असे.

तेव्हापासून दोन्ही घरांत कचकच सुरू झाली. भिंतीच्या अलीकडे लाल पाट्यावर काळा वरवंटा फिरे, पलीकडे काळ्या पाट्यावर लाल बट्टा. रेती दोन्हीकडे. सुलोचनाबाईंनी काय नाही केलं? नवा पाटा महिनाभर तांदूळ वाटून घासला. वाटण फडक्यातून पिळून घेतलं. तरी कण यायचाच. तिसऱ्या वर्षी मल्हाररावांची दाढ हलली. त्यांनी घास तोंडात तसाच धरला, जरा वेळ भिंतीकडे पाहिलं, आणि गिळला.

"रस्सा तर चांगला झालाय," ते म्हणाले.

"खोटं बोलू नका," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"मग देऊन का नाही येत? दगडच तर आहे."

"दगडच आहे ना? मग राहू दे घरात."

मल्हाररावांनी पुन्हा तो विषय काढला नाही. पुरुषांचं पुरुषांत कधीच मिटलं होतं. दोघे भाऊ दसऱ्याला एकत्र तलवार पूजत, ओसरीवर विडा खात. लीलाताईंच्या मुली येता-जाता काकी म्हणून हाक मारत. कान्होजी मात्र कमी कमी येऊ लागला. वाटण्या झाल्या तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि आईचं वाक्य त्याने ऐकलं होतं. तो कोणाची बाजू घ्यावी हे न कळणाऱ्या माणसासारखा खाली बघून जायचा. सुलोचनाबाईंना याचं वाईट वाटे. इतर कशाहीपेक्षा याचं जास्त वाटे, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. फक्त सांगायला कोणी नव्हतं.

दोघी जावा एकमेकींशी बोलत नसत, पण एकमेकींच्या घरात आज काय शिजतंय हे दोघींना पक्कं ठाऊक असे. वास तर येतच होता, पण खरं कळे ते आवाजावरून. पलीकडचा लाल बट्टा खर्रखर्र करी. सुलोचनाबाई भाकरी थापता थापता ऐकत आणि मनात म्हणत, खोबरं आहे. आता खसखस टाकली. अगं, मिरच्या इतक्या लवकर? आणि मग चुकलीच, अशी मान हलवत. आवाज बंद व्हायच्या आत लीलाताई वाटण उचलत. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, अजून झालं नाही. अकरा वर्षं हे असं चाललं. त्यात सुलोचनाबाईंचे केस कानाशी पांढरे झाले.

कान्होजी मोठा झाला. फौजेत न जाता तो कापडाच्या मिलमध्ये लागला, यावर दौलतसिंहकाकांनी सहा महिने अन्न गोड लागत नसल्याचं सांगितलं. लग्न झालं. सून आली ती शामला, दाना ओली मोहल्ल्यातली, बोलकी. लग्न तिच्या माहेरी झालं, तेव्हा सुलोचनाबाई जाऊन अक्षता टाकून आल्या, पण लीलाताईंच्या उंबऱ्याला त्यांचं पाऊल लागलं नाही. सदतीस सालच्या थंडीत शामला बाळंत झाली. मुलगी. भिंतीपलीकडून पहिलं रडणं ऐकू आलं तेव्हा सुलोचनाबाई डाळ निवडत होत्या. सूप तसंच हातात राहिलं.

पाचव्या दिवशी पाचवी. त्या दिवशी पाटा-वरवंट्याची जोडी मांडून पुजतात. आदल्या दिवशीच सुलोचनाबाईंनी वरवंटा चिंचेने घासला, त्याला तेल चोळलं आणि पाटावर ठेवला. आता तर लागणारच, त्यांनी हिशेब केला. येतील, मागतील, आणि मागताना तो शब्द निघेलच. दिवसभर त्यांनी दाराला कडी घातली नाही. कोणी आलं नाही. दिवेलागणीला पलीकडे आरती झाली, प्रसाद वाटला गेला. सून-मुलींचा आवाज आला. लाल बट्ट्यालाच हळदकुंकू लागलं होतं. सुलोचनाबाईंनी वरवंटा उचलला आणि धान्याच्या कणगीमागे सारून दिला. त्यांना रडू आलं नाही, राग आला, आणि राग येऊन काही उपयोग नव्हता.

दहाव्या दिवशी सकाळी पलीकडची खर्रखर्र चालू असताना मध्येच एक बारीक आवाज झाला, आणि मग काहीच नाही. सुलोचनाबाईंनी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि थांबल्या. वाटण झाल्यावरचं थांबणं त्यांना माहीत होतं. हे तसं नव्हतं.

अकराव्या दिवशी मिलमध्ये जाण्याआधी कान्होजी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो दारात न थांबता थेट चुलीपाशी येऊन टेकला, लहानपणी बसायचा त्याच जागी.

"बट्टा टूट गया, काकी," तो म्हणाला. "बीचोंबीच."

"ऐकलं मी."

"उद्या बारसं आहे."

"तेही ऐकलं."

सुलोचनाबाईंनी त्याच्यापुढे गूळ आणि पाण्याचा तांब्या ठेवला. मग सरळ विचारलं, "वरवंटा न्यायला आलास, की मला बोलवायला?"

"मी तर दोन्हीसाठी आलोय."

"आणि आई?"

"आई तर काही बोलत नाही. बाजारातून नवा बट्टा आणायला सांगितलाय."

"कोरा दगड? या घरात?"

"तेच तर मी म्हटलं तिला."

"मग तिला सांग, हवा असेल तर येऊन माग म्हणावं. मी नाही म्हणणार नाही."

कान्होजीने गुळाचा खडा तोंडात टाकला. "ती नाही येणार, काकी. तिला तोंड नाही." एवढं बोलून तो उठला, आणि जाताना वाकून पाया पडला, जे त्याने लग्नानंतर केलं नव्हतं.

दुपारभर सुलोचनाबाई कामं करत राहिल्या. गहू पाखडले, बरणीत लोणचं खाली-वर केलं, विळीची धार पाहिली. त्यांना जिंकायला आता फक्त गप्प बसायचं होतं. उद्या कोऱ्या दगडाला कुंची घातली जाईल, गल्लीतल्या बायका बघतील, आणि लीलाताईंची मान खाली जाईल. अकरा वर्षं याचीच तर वाट पाहिली होती. पण नाव ठेवलं जाणार होतं ते कान्होजीच्या मुलीचं, आणि घरात पहिल्यांदाच कोऱ्या दगडावर. शब्द लीलाताईंचा, भोगायचं त्या पोरीने, हे काही त्यांच्या मनाला पटेना. दुसरीकडे, न बोलावता आपण तिथे जायचं, पुन्हा तो दगड हातात घेऊन त्याच बाईपुढे उभं राहायचं. तिने पुन्हा काही म्हटलं तर? याचीच त्यांना भीती होती.

बाराव्या दिवशी त्यांनी कणगीमागून वरवंटा काढला. उन्हात ठेवलेल्या पाण्याने त्याला न्हाऊ घातलं, पुसला, हळदकुंकू लावलं. ट्रंकेच्या तळाशी हिरव्या खणाची कुंची होती, लाल काठाची. एका कोपऱ्याला कसर लागली होती, ती त्यांनी दुमडून आत घेतली. कुंची घालून वरवंटा छातीशी धरला आणि दार उघडलं. त्यांच्या दारापासून लीलाताईंच्या दारापर्यंत दहा पावलं होती. समोरच्या हलवायाची बायको हातातलं काम टाकून बघत राहिली.

आत बायका भरल्या होत्या. पाळणा फुलांनी सजवलेला, शेजारी तो काळा पाटा भिंतीला टेकवून ठेवलेला. सुलोचनाबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. त्यांनी ठरवलं होतं की वरवंटा इथेच द्यायचा आणि परतायचं. बारशाच्या घरात मूल नसलेल्या बाईने पुढे व्हायचं नसतं. हे कोणी तोंडावर म्हणत नाही, पण वाटही देत नाही.

लीलाताई आतून आल्या. त्याही थकल्या होत्या, सुलोचनाबाईंच्या लक्षात आलं. समोरचे दोन दात पडलेले. त्यांनी आधी कुंचीकडे पाहिलं. ओळखली.

"आत ये," त्या म्हणाल्या.

"नको. हा घ्या फक्त."

"आत ये म्हणते ना."

सुलोचनाबाई आत गेल्या. कान्होजीची एक मावशी पाळण्याच्या पलीकडे बाळाला घेऊन उभी होती. तिने लगेच सांगितलं, "वरवंटा इकडून द्या, आणि त्या बाजूला कोणी लेकुरवाळी उभी करा." दोन-तीन बायका पुढे सरकल्याही.

लीलाताईंनी हाताने त्यांना थांबवलं. सुलोचनाबाईंच्या हातातून वरवंटा घेतला आणि आपल्या छातीशी धरला. मग मावशीकडून बाळ घेतलं, एका हाताने, आणि सगळ्या बायकांसमोर सुलोचनाबाईंपुढे केलं.

"दगड माझ्याकडे राहू दे," त्या म्हणाल्या. "मूल तू घे."

मावशीने तोंड उघडलं, पण लीलाताईंकडे बघून मिटलं. सुलोचनाबाईंनी हात पुढे केले. बाळ वरवंट्यापेक्षा हलकं निघालं, आणि ऊन. त्यांचे डोळे भरून आले आणि पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसेच वाहिले. मुलीचं नाव राजलक्ष्मी ठेवलं. पाळण्यात आधी वरवंटा गेला, मग ती गेली, आणि ठेवली ती सुलोचनाबाईंनी.

दुसऱ्या दिवशी बाळंतिणीसाठी वाटण करायला लीलाताईंनी पाटा आडवा केला आणि सुलोचनाबाईंना हाक मारली. अकरा वर्षांनी काळ्या पाट्यावर काळा वरवंटा आला. सुलोचनाबाईंनी खोबरं ठेवलं, चार थेंब पाणी टाकलं, वरवंटा ओढला, आणि तो खडखडला. पुन्हा ओढला, पुन्हा तेच. बसेचना. त्यांनी बोट फिरवून पाहिलं. बट्ट्याच्या रेतीने पाटा मध्येच खोल खाल्ला होता. लाल पाट्याने वरवंट्याचं पोट सपाट केलं होतं. दोघेही झिजले होते, पण वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर, आणि आता एकाचा खळगा दुसऱ्याच्या पोटाला मिळत नव्हता.

लीलाताई वाकून बघत होत्या. "टाकीवाल्याला बोलवू का? छिन्नीने टाकी लावून देईल."

"टाकीने खरखरीत होईल, बसणार नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या. "रोज वाटावं लागेल. मग हळूहळू बसेल."

"मग वाट."

भिंत कोणी पाडली नाही, चुलीही दोनच राहिल्या. दौलतसिंहकाकांची वाटणी अशी सहजासहजी मोडत नसते. पण सुलोचनाबाई रोज सकाळी एका वाटीत आपलं खोबरं-मिरच्या घेऊन पलीकडे जात, दोन्ही घरांचं वाटण करत, आणि आपलं घेऊन परत येत. लाल पाटा मोरीपाशी गेला. त्यावर मल्हारराव पाय घासत. दोघी जावा खसखस किती घालायची यावरून भांडतही असत. तेव्हा राजलक्ष्मी मध्ये बसून वाटीतलं खोबरं खाई.

ती दीड वर्षांची असेल. उन्हाळ्यातली सकाळ होती. लीलाताई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या, कढईत कांदा परतत होत्या. एकाएकी मागचा दगडाचा आवाज बंद झाला आणि त्यांचा हात थांबला.

"थांबलीस का गं?" त्यांनी न वळता विचारलं.

"नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या. "वाटतेय की."